आळशाचं रान

आमच्या आत्याला गावात दोरी म्हणतात. अंगकाठीवरून हे नाव पडलं असेल असं ज्याला वाटतं, त्याने तिला एकदा ट्रॅक्टरवर चढताना बघावं. ट्रॅक्टर आधी एका बाजूला कलतो, "आलीस का बाई" म्हटल्यासारखा सुस्कारा टाकतो आणि मगच सरळ होतो. नाव पडलंय ते तिच्या तासांवरून. तास म्हणजे नांगराने जमिनीत ओढलेली रेघ. आत्याने नांगरलेल्या रानात या बांधापासून त्या बांधापर्यंत तास असे जातात, की दोन टोकांना दोन माणसं दोरी ताणून उभी आहेत आणि आपल्यालाच ती दिसत नाहीयेत असं वाटावं.

लग्न मोडलं की बायका बॅग घेऊन माहेरी येतात. आत्या ट्रॅक्टर घेऊन आली. घर नवऱ्याच्या नावावर होतं, शेत दिराच्या, आणि हा एक जुना ट्रॅक्टर तेवढा तिने स्वतःच्या कमाईतून स्वतःच्या नावावर घेतलेला. आमच्या दारात तो उभा करून ती वरूनच ओरडली होती, "त्यांनी न हलणारं ठेवून घेतलं, मी हलणारं घेऊन आले!"

"मी काय म्हणतो," बाबा म्हणाले, "आधी उतर तर खरी."

'मी काय म्हणतो' हे बाबांचं ठरलेलं. एवढं बोलून ते पुढे काहीच म्हणत नाहीत, असं बहुतेक वेळा होतं. त्या दिवशी म्हणाले, म्हणजे प्रसंग मोठा होता.

तेव्हापासून आत्या लोकांची रानं भाड्याने नांगरते. तिची स्वतःची जमीन म्हणाल, तर नखांत अडकते तेवढीच. पण गावात कुणाचं रान कसं आहे, कुठे दगड लागतो, कुठे ओल टिकते, कुठला बांध गेल्या पावसाळ्यात चोरून सरकवलाय, हे तिला बसल्या जागी कळतं. म्हणजे तिच्या बसल्या जागी. सीटखालून.

आता इथे नांगरणीची एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे नांगरलेलं रान म्हणजे इभ्रत. मका काढला की लगेच रान उलटंपालटं करून तपकिरी, गुळगुळीत करायचं, मग गहू पेरायचा. मक्याची धसकटं तशीच उभी ठेवली, तर रस्त्याने जाणारा म्हणणार, "आळशाचं रान." एवढे दोन शब्द. पण हे दोन शब्द चुकवण्यासाठी लोकांनी डिझेल जाळलंय, धसकटं जाळलीयत, आणि एकदा तर अख्खं खळं जाळलंय.

अशा गावात हिरवे साहेब आले.

त्यांचं खरं नाव वेगळंच आहे. बँकेने त्यांना पानाचं चित्र असलेलं हिरवं जाकीट दिलंय, भर उन्हातही ते घालावं लागतं, म्हणून हिरवे साहेब. तरुण माणूस. घामाने निथळत असतो, पण भाषा कोरडी ठणठणीत. खताच्या गोदामात शेतकरी गटाची सभा भरली. खुर्ची एकच, ती साहेबांना. बाकी सगळे पोत्यांवर.

"हरित कर्ज या संकल्पनेच्या अनुषंगाने," साहेब सुरू झाले, "आपण जमीन नांगरली नाही, तर जमिनीतला कार्बन जमिनीतच राहतो, ओल राहते, डिझेल वाचतं. धसकटं तशीच ठेवायची, यंत्राने त्यातच चीर पाडून बी सोडायचं. असं करणाऱ्या गटाला बँक कमी व्याजाने कर्ज देईल. त्यासाठी परदेशातला एक निधी आहे."

"म्हणजे आपल्या मातीतला धूर आपल्याच मातीत ठेवायचे ते लोक पैसे देणार?" मागच्या पोत्यावरून दूधवाल्याने विचारलं. त्याची चार म्हशींबरोबर थोडी शेतीही आहे.

"धूर नाही, कार्बन. पण ढोबळमानाने, हो."

"आणि आम्ही गुपचूप नांगरलं तर?"

"उपग्रहातून दिसतं."

सगळ्यांनी एकदम वर बघितलं. वर गोदामाचा पत्रा होता.

गटाचे अध्यक्ष उठले. अध्यक्ष बोलायच्या आधी घसा साफ करतात आणि मग घशात जे काही उरलं असेल त्यातून बोलतात. "म्हणजे कसं आहे की… योजना चांगली आहे. म्हणजे कसं आहे की… ते पेरणीयंत्रही कर्जात मिळणार ना?"

"ज्यांच्या नावावर जमीन आहे अशा लाभार्थींना, हो."

तेव्हा दाराशी उभ्या असलेल्या आत्याने विचारलं, "आणि जिचा धंदाच नांगरायचा आहे, तिने काय करायचं? मला द्या ते यंत्र. नांगर सोडते, पेरणी करते. ट्रॅक्टर आहे, हात आहे."

साहेबांनी कागद चाळले. "आपल्या नावावर जमीन?"

"नाही."

"मग आपण शेतकरी या व्याख्येत येत नाही. त्या अनुषंगाने, आपण या योजनेत बसत नाही."

"नाहीच बसत," आत्या म्हणाली. "मघापासून उभीच आहे."

गोदाम हसलं. साहेबही हसले, कारण ते वाईट नव्हते. पण त्यांनी सही घेतली ती बाकीच्यांची.

पुढचे काही दिवस आत्याचा फोन निपचित पडून होता. ती दोनदा ट्रॅक्टर धुवून आली. तिसऱ्यांदा निघाली तेव्हा आई म्हणाली, "वन्सं, आता रंग जाईल त्याचा." मग एका सकाळी फोन वाजला.

आता ट्रॅक्टरने आत्याचे कान अर्धे खाल्लेत, त्यामुळे ती फोन स्पीकरवर ठेवते. लोक तिच्याशी कुजबुजतात आणि आमचं अख्खं घर ऐकतं.

"म्हणजे कसं आहे की…" फोनमधून घसा आला. "फार नाही. रस्त्याकडचा एक पट्टा तेवढा नांगरून दे. माझ्या सासुरवाडीची माणसं त्याच रस्त्याने बाजाराला जातात. मागचं राहू दे तसंच. मागचं बँकेचं, पुढचं माझं."

आत्याने फोन ठेवला आणि एवढी हसली की कपबशी वाजली.

मग रांगच लागली. दूधवाला म्हणाला, "दोरीताई, जरा हळू बोल." आत्या ओरडली, "हळू तूच बोलतोयस, मला काही ऐकू येत नाहीये!" कुणाला मुलाचे मास्तर त्या रस्त्याने येतात म्हणून पट्टा हवा होता, कुणाला शेजाऱ्याने केला म्हणून. आत्या भर दुपारी जाऊन नांगरायची. तिच्या ट्रॅक्टरच्या आवाजाने तीन वाड्या पलीकडची कुत्री उठायची, पण आमचं गाव त्या दिवसांत ठार बहिरं झालं होतं. समोरच्या बांधावर बसलेला माणूससुद्धा आभाळाकडे बघत बसायचा. उपग्रह शोधत असेल.

आमचं सोडून सगळ्या रानांचं रूप असं झालं, की न्हाव्याने समोरून दाढी करून दिली आणि मागचं तसंच सोडून दुकान बंद केलं.

आणि मग साहेब परत आले. हातात एक मोठा छापील फोटो. पुन्हा गोदाम, पुन्हा पोती. फोटोत आमचं गाव वरून दिसत होतं. सगळं पिवळट, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी तपकिरी काठ. टॉवेलला असतो तसा.

"हे काय आहे?" साहेबांचा आवाज पहिल्यांदाच ओला झाला होता. "वरून मला विचारतायत. मी काय सांगू?"

तेवढ्यात आत्या पोत्यांमधून वाट काढत पुढे आली आणि तिने फोटो जवळजवळ हिसकावलाच. "बघू, बघू! अगं बाई! वरूनसुद्धा सरळ दिसतं माझं काम! बघा हो, एक रेघ तरी वाकडी आहे का!"

हे तिने बोलायला नको होतं. पण आत्याला स्वतःचं काम एवढ्या उंचावरून बघायला मिळालं होतं, तिला दुसरं काही सुचणंच शक्य नव्हतं.

"म्हणजे कसं आहे की," अध्यक्ष खाली बघत म्हणाले, "गावात नांगरणीचा ट्रॅक्टर तर एकच आहे."

सगळ्या माना वळल्या.

"मीच नांगरलं," आत्या म्हणाली. "मग? मी काय झोपेत चालत जाऊन नांगरलं? ज्यांनी बोलावलं त्यांनी हात वर करा."

एक हात हलला नाही. एक माशी तेवढी इकडून तिकडे गेली.

"बरं. माझा वर आहे," आत्या म्हणाली आणि तिने स्वतःचा हात वर केला. "नावं मी सांगणार नाही. ती तुमची तुम्ही सांभाळा."

साहेबांनी घाम पुसला. त्यांनी सांगितलं की या वेळी ते वर समजावून सांगतील, पण पुन्हा असं झालं तर अख्ख्या गटाचं कमी व्याज जाईल. गटाने काहीतरी ठोस करायला हवं. अध्यक्षांकडे ठोस तयारच होतं. त्यांनी ठराव मांडला, की गटाच्या कुठल्याही रानात यापुढे दोरीचा ट्रॅक्टर घ्यायचा नाही. मंजूर असेल त्यांनी हात वर करा.

आता मात्र हात वर गेले. भराभर. आणि त्यांत एक हात बाबांचा होता.

आत्याने तो बघितला. दारातून निघून गेली आणि बाहेर ट्रॅक्टर सुरू होईना, म्हणून त्याला एक लाथ मारल्याचा आवाज आला.

गटाची रानं वगळली तर गावात नांगरायला काय उरतं? शाळेचं मैदान. आत्याचा ट्रॅक्टर महिनाभर उभा राहिला असता, तर तिला तो विकावाच लागला असता, आणि ट्रॅक्टर गेला की आत्या नुसती 'भावाकडे राहते ती' झाली असती. हे घरात सगळ्यांना माहीत होतं, म्हणून त्या संध्याकाळी जेवताना भांड्यांशिवाय कुणीच बोलत नव्हतं.

"मी काय म्हणतो," अखेर बाबा म्हणाले, आणि चक्क पुढेही बोलले. "माझ्या नावावर जमीन आहे. माझ्या नावावर कर्ज काढू, पेरणीयंत्र घेऊ. चालव तू."

"चालव तू म्हणजे?"

"म्हणजे तूच चालवायचं. नाव तेवढं माझं."

"मघाशी हात वर केलात," आई भांडी आवरता आवरता म्हणाली, "तेव्हा खाज आली होती का?"

"सगळ्यांनी केला म्हणून…"

"दादा," आत्या म्हणाली, आणि तिचा आवाज ट्रॅक्टरच्या आवाजापेक्षा बराच खाली आला. "सासरीही सगळे हेच म्हणायचे, 'नाव कुणाचं का असेना, घर तुमचंच आहे वहिनी.' शेवटी घर ज्याच्या नावावर, त्याचंच निघालं. आता हात माझे आणि लाभार्थी तू, असं मला नको. मी तुझी बहीण आहे. ड्रायव्हर नाही."

बाबांनी पाण्याचा पेला उचलला आणि रिकामाच प्याले.

दुसऱ्या दिवशी आत्या अध्यक्षांच्या गोठ्यात हजर. त्यांचं पेरणीयंत्र बँकेकडून आलं होतं, पण अध्यक्षांना ट्रॅक्टर चालवता येत नाही आणि दुसऱ्याला द्यायला जीव होत नाही. यंत्रावरचं प्लास्टिकही निघालं नव्हतं. वर कोंबड्या बसल्या होत्या.

"हे मला भाड्याने द्या," आत्या म्हणाली. "तुमचं पेरते, बाकीच्यांचंही पेरते."

"म्हणजे कसं आहे की… लाभार्थीनेच वापरायचं असं आहे. दुसऱ्याला देणं नियमात बसत नाही."

"कोंबड्या बऱ्या बसल्यात."

अध्यक्षांनी घसा साफ केला आणि आत निघून गेले. तेवढ्यात आत्या जमिनीवर उताणी पडली आणि सरपटत यंत्राखाली शिरली. अध्यक्षांच्या बायकोने बाहेर येऊन विचारलं, "अगं, काय करतेस तिथे?"

"अंडं शोधतेय," खालून आवाज आला.

बराच वेळ शोधलं. मग पाठीला कोंबड्यांचा प्रसाद घेऊन ती तशीच वेल्डरकाकांकडे गेली.

वेल्डरकाका तोंडावरचा मुखवटा काढत नाहीत. जेवतानाही काढत नसावेत. त्यांच्या मुखवट्यामागून फक्त 'हं' येतो, पण त्या एका 'हं'मध्ये ते भाव करतात, भांडतात आणि तब्येतही विचारतात.

"माझा नांगर कापायचाय," आत्या म्हणाली.

"हं?" म्हणजे: डोकं फिरलंय का?

"कापायचा. पुढे भंगारातले तवे लावायचे, धसकटं कापतील असे. मागे जमिनीत चीर पाडणारे बारीक फण. वर बियाण्याचा डबा, त्यातून नळ्या."

"हं…" म्हणजे: पैशांचं मग बघू.

"आणि सापळा माझ्याच नांगराचा."

"हं." म्हणजे: सरक मागे, ठिणग्या उडतील.

नांगर कापला जात असताना आत्या रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली आणि येणाऱ्या-जाणाऱ्यावर विनाकारण ओरडत राहिली. "ए, सायकल सरळ चालव!" तो बिचारा सरळच चालवत होता.

तयार झालेलं यंत्र दिसायला भयंकर होतं. तेलाचा पत्र्याचा डबा, पाण्याच्या पाइपच्या नळ्या, तीन वेगवेगळ्या रंगांचे तवे. दूधवाला म्हणाला, "हे पेरणार आहे की चावणार आहे?"

पहिली पेरणी आत्याने आमच्याच रानात केली, पार मागच्या कोपऱ्यात, बाबांना विचारून. धसकटं कचाकच कापली गेली, चिरा पडल्या, बी पडलं. ओळी दोरीसारख्या. आत्या इतकी खूश, की तिने ट्रॅक्टरला शाबासकी दिली आणि यंत्राला दिली आणि वेल्डरकाकांना पाठीत एवढ्या जोरात दिली की मुखवटा खाली पडला. काकांना मिशा आहेत हे गावाला तेव्हा कळलं.

यंत्र ओढायला ट्रॅक्टर नाही म्हणून बाकीच्यांनी हाताने फेकलेला गहू कुठे उगवला, कुठे पाखरांनी खाल्ला. आमच्या कोपऱ्यात मात्र काहीच उगवलं नाही. रोज सकाळी आत्या जायची आणि रोज थोडी जास्त वेळ थांबून यायची. मग अध्यक्ष बांधावर आले.

"म्हणजे कसं आहे की," ते खूप प्रेमाने म्हणाले, "यंत्रावर कंपनीची पट्टी असते ना, ती उगाच नसते."

ते गेल्यावर आत्या खाली बसली आणि बोटाने एक चीर उकरू लागली. एक बोट आत गेलं, तरी बी नाही. अजून उकरलं. मग सापडलं. बी उगवलं होतं, पण पांढरा कोंब वर यायला निघाला होता आणि अंतर संपेना म्हणून आतल्या आत वेटोळं होऊन मेला होता. दुसरं उकरलं, तेही तसंच. सगळीच.

"हात खोल गेला," आत्या म्हणाली. "मेल्या हाताला खोलच जायची सवय. नांगरणाऱ्याचा हात आहे ना! वरवर ठेवलं की त्याला लाज वाटते."

मग तिने उकरलेली माती हातात दाबून बघितली. त्या दिवसांत सगळीकडे जमीन भेगाळायला लागली होती. ही माती मात्र धसकटांखाली ओलीच होती, मुठीत गोळा होणारी. तिने तिचा वास घेऊन पाहिला आणि नाइलाजाने म्हणाली, "तो हिरवा खरं बोलत होता, मेला."

वेल्डरकाकांकडून तिने यंत्राच्या दांड्याला लोखंडाची एक अडकण जोडून घेतली. दोन बोटांच्या खाली फण जाताच कामा नये. "अशी जोड," ती म्हणाली, "की मी स्वतः जोर लावला तरी खाली जाता कामा नये. माझ्यापासूनच जपायचंय."

"हं," काका म्हणाले. याचा अर्थ मला अजून नीट लागलेला नाही.

पेरणीचे दिवस सरत आले होते. आणि आता आत्याने जे ठरवलं ते ऐकून बाबांनी पेला खाली ठेवला. "या वेळी मागे नाही. रस्त्याकडचा पट्टा. धसकटांसकट, दिवसाढवळ्या."

"अगं, ठराव आहे! ट्रॅक्टर आत घ्यायचा नाही. आणि धसकटं रस्त्यावर दिसणार, लोक काय म्हणतील?"

"आळशी म्हणतील. म्हणू देत. मागे लपून केलं तर चोरी दिसते, दादा. पुढे केलं तर काम दिसतं. तुझं रान आहे. फाटक उघडायचं नसेल तर तसं तोंडावर सांग. पण या वेळी हात वर करून नको."

बाबा काही म्हणाले नाहीत. 'मी काय म्हणतो'सुद्धा नाही. सकाळी बाजाराची गर्दी रस्त्याला लागली, तेव्हा आत्या ट्रॅक्टर घेऊन आली, आणि फाटक उघडं होतं. बाबा त्याला पाठ लावून उभे होते, वाऱ्याने बंद होऊ नये म्हणून. वारा अजिबात नव्हता.

अर्धं गाव रस्त्यावर थांबलं. "दोरीताई, नांगरायला विसरलीस का?" "अगं, आधी केर तरी काढ!" आत्याला अर्धं ऐकू येत नव्हतं आणि अर्धं ती ऐकत नव्हती. पेरून झाल्यावर तिने नांगराचा कापून उरलेला लोखंडी तुकडा बांधावर रोवला, त्याला पत्रा बांधला आणि ट्रॅक्टरच्या उरलेल्या लाल रंगाने त्यावर लिहिलं:

हे रान आळशाचं नाही. दोरीचं आहे.

एक दाणा वर आलेला नव्हता, तेव्हा लिहिलं. त्या दिवसांत आमच्या घरात कुणी मोठ्याने शिंकलंसुद्धा नाही. आई सकाळी पहिलं काम म्हणून रस्त्यावर चक्कर मारायची आणि येऊन नुसती मान हलवायची. मग एका सकाळी तिने मान हलवली नाही. दारातूनच ओरडली, "वन्सं!"

धसकटांमधून हिरवी सुई वर आली होती. एक नाही, ओळ. तिच्या बाजूला दुसरी. पार त्या बांधापर्यंत. रस्त्यावरच्या गाड्या हळू व्हायला लागल्या. अध्यक्षांच्या सासुरवाडीची गाडी तर थांबली, आणि एक म्हातारे गृहस्थ उतरून ओळीच्या टोकाशी एक डोळा मिटून उभे राहिले.

त्याच दुपारी फोन वाजला. स्पीकरवर घसा.

"म्हणजे कसं आहे की… माझं थोडं राहिलंय पेरायचं. मागचा पट्टा. कुणाला दिसणार नाही असा."

आत्याने हसू दाबलं, म्हणून ते नाकातून बाहेर आलं. "मागचा नाही. पुढून सुरू करणार. आणि तुम्ही बांधावर उभं राहायचं, आभाळाकडे न बघता. आणि त्याआधी गोदामात सभा घ्यायची. जे हात वर गेले होते, तेच परत वर जायला हवेत. ठराव मागे."

"अगं, सगळ्यांसमोर?"

"मघापासून सगळ्यांसमोरच बोलताय. फोन स्पीकरवर आहे."

सभा झाली. हात वर गेले. बाबांचा सगळ्यात आधी, आणि सगळे खाली आल्यावरही तो तसाच वर होता. "खाली घे, दादा," आत्या म्हणाली, "मंजूर झालं." तिने त्या दिवसांत जेवढी रानं शक्य होती तेवढी पेरली, आणि भाडं वाढवलं. ज्यांनी रस्त्याकडचा पट्टा नांगरून घेतला होता, त्यांना थोडं जास्तच वाढवलं. नावं तिने अजूनही कुणाला सांगितलेली नाहीत. भाड्यावरून ज्याला कळायचं त्याला कळलं.

गहू गुडघ्याला आला तेव्हा हिरवे साहेब फोटोवाल्याला घेऊन आले. बँकेचं माहितीपत्रक निघणार होतं. वरून आता गाव काठाशिवाय दिसत होतं आणि वरची माणसं खूश होती. साहेबांनी आत्याला ओळीच्या टोकाशी उभं केलं.

"जरा हसा. खाली आपण लिहिणार आहोत, 'हरित कर्जाची यशस्वी लाभार्थी'."

"कुठलं कर्ज?" आत्याने विचारलं.

साहेबांनी जाकिटाची चेन वरखाली केली. "म्हणजे… ढोबळमानाने. आपण नव्या यंत्रासाठी अर्ज दिलात, त्याचं मी वर बोललोय. पण यंत्र मंजूर यादीतलं नाही, आणि जमिनीचा रकाना रिकामा सोडला की अर्ज पुढेच जात नाही. माझ्या हातात नाहीये हो, ताई." हे ते पहिल्यांदाच साध्या भाषेत बोलले.

"तुमच्या हातात नाही, कळलं. माझ्या हातात आहे ते मी केलं. यात तुमचा लाभ मी कुठला घेतला? गटाचं व्याज वाचलं माझ्यामुळे, तुमची वरची माणसं खूश झाली माझ्यामुळे. फोटो काढा की. खाली लिहा, 'लाभार्थी: बँक'."

फोटोवाला फसकन हसला. साहेबांनी त्याच्याकडे बघितलं आणि मग तेही हसले. "असं लिहिता येत नाही."

"मग असा फोटोही येत नाही," म्हणून आत्या ट्रॅक्टरवर चढली. ट्रॅक्टर कलला, सुस्कारला, सरळ झाला, आणि ती गेली.

फोटोवाल्याला तिची पाठ तेवढी मिळाली. माहितीपत्रकात तोच फोटो आला. लांब जाणारी पाठ, गव्हाच्या ओळी, आणि त्या ओळी जिथे जाऊन भिडतात तिथे लाल अक्षरांची पाटी, स्पष्ट वाचता येईल अशी. त्यांनी ती कापली असती, पण पाटी कापायची तर ओळीही कापाव्या लागल्या असत्या.

कर्ज अजून मिळालेलं नाही. आत्याला दुसरं, मोठं यंत्र बांधायचंय आणि ते तिला स्वतःच्या नावावरच हवंय. म्हणून दर महिन्याला ती बँकेत जाते, बुटांना माती तशीच ठेवून. साहेब आता तिला बघून उठतात, स्वतः खुर्ची पुढे करतात.

"बसा ना, ताई."

"नाही हो," ती म्हणते. "मी बसत नाही ना? तुम्हीच म्हणाला होतात."

आणि काउंटरसमोर मधोमध उभी राहते. मागची रांग तिच्या दोन्ही बाजूंनी वळून जाते.